व्याह्याच्या दारातला चोर-स्विच

अंथुर्ण्याच्या झुंबररावांकडे गाई दोन आणि गाडी एक, पण लाड गाडीचे. त्या जुन्या पांढऱ्या कारला घरात ‘पांढरी’च म्हणत. रेडिएटर गळायला लागला की झुंबरराव त्यात मूठभर हळद टाकत, पेट्रोलची टाकी पाझरली की अंगाचा साबण चोळत. वायपरला सुतळी बांधलेली. पाऊस आला की शेजारी बसलेल्यानं ती ओढायची. त्यांच्या लेकीचं, संजीवनीचं, निम्मं लहानपण ती सुतळी ओढण्यात गेलं.

सगळ्यात जास्त कौतुक त्यांना चोर-स्विचचं. इंदापूरच्या बाजारातून एकाची मोटरसायकल गेली, तेव्हा झुंबररावांनी घरी येऊन स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ, दिव्याचं एक बटण बसवलं. ते बंद केलं की चावी असूनही गाडी चालू होत नसे. उतरताना ते बंद करायची बोटांना इतकी सवय झाली, की आपण ते केलं हेही त्यांना कळत नसे.

श्रावणात लेकीची पहिली पंचमी म्हणून ते तिला न्यायला कऱ्हाटीला गेले. व्याही सोनबातात्या म्हणजे फाटकाला कधी कडी न लावणारा माणूस. जेवणं झाली, टोपी-उपरणं झालं, संजीवनी पुढच्या सीटवर बसली. आणि पांढरी काही केल्या चालू होईना.

झुंबररावांनी बॉनेट उघडलं. बॅटरीची टोकं घासली, प्लग काढून फुंकले, कार्बोरेटरला टिचक्या मारल्या. ओळखीपाळखीचे सगळे बिघाड तपासून झाले; त्यातला एकही आलेला नव्हता. तोवर आळी मात्र जमली.

“म्हातारी झालीया, पाव्हणं,” म्हणत तात्यांनी बाह्या सारल्या.

“तात्या, तुमी न्हाय! व्याह्यानं कुठं धक्का मारायचा आस्तोय व्हय?”

“मग काय हितंच बांधता हिला? वैरण न्हाय आमच्याकडं. बसा आत.”

व्याह्याला पाण्याचा तांब्याही उचलू देऊ नये, असं मानणारे झुंबरराव स्टिअरिंगला चिकटून बसले, आणि तात्या परीटघडीच्या सदऱ्यात, चिखलातून, मागून रेटू लागले. आळीच्या टोकाला उतार लागला, गाडीनं हिसका खाल्ला आणि झुंबररावांचा गुडघा त्या बटणावर आपटला.

ते बंदच होतं; आल्या आल्या उतरताना बोटांनी आपलं काम केलं होतं. हळूच बटण दाबलं, क्लच सोडला. पांढरी गुणी लेकरासारखी बोलायला लागली.

“बगा, आमच्या हाताचा गुण!” मागून तात्या ओरडले. सदरा चिखलानं भरलेला, तुटकी चप्पल हातात. विहीणबाई बनाबाई दारातूनच म्हणाल्या, “सूनबाईच्या म्हायेरची गाडी भारी हाय, पर ढकलायला गाव लागतंय!” आळी हसली. संजीवनी हसली नाही. तिनं बटण दाबताना बघितलं होतं.

बारामती मागं पडली तशी ती म्हणाली, “आबा, आमच्यात चोर कोण हाय?”

‘आमच्यात’ हा शब्द झुंबररावांना नीट ऐकू आला.

“सवय गं पोरी. मुद्दाम न्हाय केलं.”

“मग तितंच सांगायचं.”

“काय सांगू? तुमच्या दारात गाडीला कुलूप घातलं म्हणून?”

भुरभुर सुरू झाली होती. तिनं सुतळी गरजेपेक्षा जोरात ओढली.

पंचमी झाली. विहीणबाईंचा फोन आला: सूनबाईला आणायला आमचा गोकुळच येईल आमच्या गाडीनं, उगं वाटेत खोळंबा नको. लेक नव्या घरी नांदायला गेलेली, आणि तिच्या पदरात बापानं ही थट्टा बांधलेली. झुंबररावांनी जावयाला येऊ दिलं नाही. चोर-स्विच उपटला, वायरी आपल्या हातानं जोडल्या, वर टेप गुंडाळली. स्विचच नाही म्हटल्यावर सांगायचंही काही उरलं नाही, अशी स्वतःची समजूत घातली आणि लेकीला घेऊन कऱ्हाटीला गेले.

चहा झाला. निघायला बसले, चावी फिरवली. काही नाही. परत फिरवली. तात्या उठलेच, डिकीवर हात टेकवले.

“तात्या, थांबा वो! या वक्ताला खरंच बिघडलीया.”

तात्यांचे हात डिकीवरच राहिले. “या वक्ताला?”

दारात संजीवनी उभी होती. झुंबररावांना दहा थापा सुचल्या असत्या. तिच्याकडं बघून एकही तोंडातून निघेना. ते खाली उतरले, टोपी काढली आणि मागच्या वेळचं सगळं सांगितलं. आवाज इतका बारीक, की आळीतल्यांना पुढं सरकावं लागलं.

तात्यांनी हात झटकले, फाटकापाशी गेले, ते ओढून घेतलं. गंजलेली कडी बसेना, तर दगडानं ठोकून बसवली.

“करा आता निवांत दुरुस्ती. चोर आत यायचा न्हाय.”

कुणीतरी फिसकन हसलं. झुंबरराव स्टिअरिंगखाली डोकं घालून बसले. वायर जोडणं हे त्यांचं रोजचं काम, पण आज स्वतःच गुंडाळलेली टेप सुटेना. संजीवनी येऊन मोबाईलचा उजेड धरून उभी राहिली.

गाडी चालू झाली. फाटक उघडायला मात्र कुणी हललं नाही. तात्या कट्ट्यावर बसून सुपारी कातरत होते. शेवटी झुंबररावच उतरले. चावी आत, इंजिन चालू, दार सताड उघडं. गाडीकडं पाठ करून ते फाटकापर्यंत गेले, वाकले आणि तोच दगड उचलून सगळ्यांसमोर कडी ठोकून सोडवत बसले.