हाफेजाचा युरिया

बांगलादेशातल्या झालकाठीच्या खाडीकाठी हाफेजाचं भातशेत होतं. भरतीचं पाणी आत शिरे आणि ओहोटीला धाकटा दीर तोजम्मेल याच्या शेतातून खाडीत उतरे. नवरा मोतालेब लाँचवर स्वयंपाकी, महिन्यातून एकदा घरी येई. शेती हाफेजाच सांभाळायची.

दरसाल ती युरिया फेकायची आणि दरसाल हिरवंगार व्हायचं ते दिराचं शेत. वर तोच टोमणे मारायचा, "भाबी, हात आखडता घेतलास वाटतं?"

एकदा ओहोटीच्या वेळी बांधावर उभी असताना तिला उमगलं. सकाळी फेकलेलं खत पाण्याबरोबर सरळ दिराकडे चाललं होतं.

त्या वर्षी तिने बाजारातून युरियाच्या दाबलेल्या गोळ्या आणल्या. लावणीनंतर पाणी उतरलं की ती वाकून रोपांच्या चार चुडांच्या मधोमध एकेक गोळी चिखलात बोटभर खोल खुपसायची. पाठ मोडून यायची. तोजम्मेल बांधावरून हसला, "मासे चाचपतेस का गं भाबी? एखादा मागूर सापडला तर आम्हालाही बोलाव!"

"तुला काटेच ठेवीन!" ती म्हणाली.

पण पुढे आजूबाजूची शेतं काळपट हिरवी झाली, तरी तिचं फिकटच दिसे. मोतालेबने फोनवर सुनावलं, "हट्ट पुरे. एक गोणी फेकून मोकळी हो."

तिने गोणी डोक्यावर घेतली, शेतापर्यंत गेलीसुद्धा. पण फेकण्याआधी राहवेना म्हणून गोळी पुरलेल्या जागी हात घातला. गोळी विरघळून लहानशी उरली होती आणि तिच्याभोवती पांढरी, कोवळी मुळं दाटीनं गोळा झाली होती, ताटाभोवती पोरं बसावीत तशी. हाफेजा चिखलात उभ्या उभ्या हसली आणि गोणी तशीच घरी घेऊन आली.

हळूहळू शेतानं रंग धरला आणि तो टिकला. कार्तिकात वादळी वारा सुटला, तेव्हा खत खाऊन माजलेली उंच भातं जागोजाग आडवी झाली. हाफेजाचं वाकलं, पण पुन्हा सावरलं. लोंब्या भरून आल्या.

कापणीच्या दिवसांत तोजम्मेल तिच्या अंगणात येऊन बसला. तिने खायला दिलेला तांदळाचा गोड पिठा हातात तसाच राहिला.

"भाबी, खत नेहमीइतकंच टाकलं, तरी यंदा माझं शेत मधेच पिवळं का पडलं?"

"माझा युरिया तुझ्याकडे यायचा बंद झाला ना!"

तो आधी ओशाळला, मग इतका हसला की त्याला ठसका लागला. "म्हणजे इतकी वर्षं मी तुझ्याच जिवावर मिरवत होतो?"

"आणि वर मलाच बोलत होतास."

पुढच्या लावणीला शेजारच्या तीन बायका तिच्याबरोबर उतरल्या आणि त्यांच्यामागे लुंगी खोचून तोजम्मेलही. त्याची गोळी वरच राहिली, तसा हाफेजाने आवाज दिला,

"अरे, खोल घाल! आता ती खाडीलासुद्धा द्यायची नाही."