दंडातली सुई

परवा लस टोचून घेताना स्पिरिटचा वास आला आणि मला कर्जतजवळचा तो सरकारी दवाखाना आठवला. समाजकार्याच्या प्रशिक्षणात डोळ्यांना पट्टी बांधून तिथली औषधाची खिडकी एकटीने शोधायची होती, अंधांच्या अडचणी कळाव्यात म्हणून. मी भिंत चाचपत निघाले, तोच एका खरखरीत हाताने माझं मनगट धरलं. जवळच्या कोंडाणे गावाहून गुडघे दाखवायला आलेली आजी होती ती. "सरा रं, पोरीला दिसत नाय!" असं ओरडत तिने मला थेट इंजेक्शनच्या खोलीत नेऊन बसवलं. "काय झालंय हिला?" नर्सबाईंनी विचारलं, तेही आजीला. "पडली आसंल कुटंतरी." मी म्हटलं, "अहो, मला..." "गप गं, मी हाय ना!" पडली म्हटल्यावर धनुर्वाताचं इंजेक्शन आलंच. मी पट्टी ओढून काढेपर्यंत सुई दंडात गेली होती. माझे टकामका बघणारे डोळे पाहून आजी हरखली, "बाई, दिसाय लागलं की हिला! ह्येच माज्या गुडघ्याला पन द्या!" आता नव्या मुलांना मीच शिकवते. पट्टी बांधायला लावत नाही. एवढंच सांगते, प्रश्न सोबतच्या माणसाला नको, ज्याच्या दंडात सुई जाणार आहे त्याला विचारा.