तारावहिनीबद्दलचा जबाब

तारावहिनीचा खून झाला त्याला एकोणीस वर्षं झाली. तिची नणंद दर वर्षी एकदा पोलीस ठाण्यात जायची आणि विचारायची, "काही कळलं का?" साहेब बदलले, भिंतींचा रंग बदलला, उत्तर तेवढं तेच राहिलं: तपास चालू आहे. यंदा टेबलामागे नव्या मॅडम होत्या. त्यांनी फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली आणि भलतंच विचारलं.

"जखमा कुठे होत्या ते आहे, चप्पल कुठे पडली होती ते आहे. बाई कशी होती, ते कुठेच नाही. कशी होती हो तुमची वहिनी?"

खुर्चीच्या काठावर अवघडून बसलेली नणंद एकदम सरसावून बसली. पन्नाशीची बाई, पण चेहरा असा उजळला की दारातला हवालदारही बघत राहिला. हा प्रश्न आजवर तिला कुणी विचारलाच नव्हता.

"वेळ आहे ना तुम्हाला?"

"चहा येईपर्यंत तरी आहे."

चहा आला, निवून गेला, तरी बोलणं संपेना.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा टेम्पोतून कपड्यांच्या पेटीमागोमाग एक लोखंडी यंत्र उतरलं होतं. फिरवायला दांडा आणि वेढे मोजायला काटा. आई म्हणाली, "शिलाई मशीन दिसतंय, पण याची सुई कुठं पडली?" वहिनी म्हणाली, "आई, हे कपडे नाही शिवत. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करतं." आईनं कपाळाला हात लावला. दादा मात्र कौतुकानं ते यंत्र उचलून मागच्या शेडमध्ये ठेवून आला.

वडिलांकडून शिकलेली विद्या होती. मोटार उघडायची, करपलेली तांब्याची तार ओढून काढायची, नवी तितक्याच वेढ्यांची गुंडाळायची. महिन्याभरात शेडमध्ये मोटारींची रांग लागली आणि आमच्या घरात, असं नणंद सांगत होती, उशीपासून भाजीपर्यंत सगळ्याला वेढ्यांवर ओतायच्या व्हार्निशचा वास. तिचं खरं नाव वेगळंच होतं, पण सदा तारेत गुंतलेली म्हणून गावानं तारावहिनी करून टाकलं. जीभ तिखट. मोटार घेऊन आलेल्या एकाला तोंडावर म्हणाली, "ही जळली नाही, तुम्ही जाळलीत. कोरड्या विहिरीवर किती तास चालवलीत?" तो खाली मान घालून गेला आणि पुढच्या वर्षी दुसरी मोटार घेऊन तिच्याकडेच आला.

"पण मॅडम, खरी गंमत पुढेच आहे," नणंद म्हणाली आणि तिनं खुर्ची टेबलाजवळ ओढली.

भर उन्हाळ्यात गावाच्या नळाची मोटार जळली. टाकी रिकामी. पाण्याचा ठेकेदार म्हणाला, शहरात पाठवावी लागेल, आठ दिवस लागतील. वहिनी गर्दीतून पुढे झाली. "उद्या दुपारपर्यंत करून देते." ठेकेदार हसला. "ही घरगुती पंख्याची मोटार नाही, वहिनी." "दिसतंय मला. डोळे आहेत," असं म्हणून तिनं पदर खोचला.

नणंद जोडीला बसली. वहिनी यंत्र फिरवायची, ही काट्यावर वेढे मोजायची. मोटारीच्या आत छत्तीस खाचा, प्रत्येकीत आधी कागद, मग तार. बोटं सोलली, त्यावर चिकटपट्टी. शेडच्या दाराशी अर्धं गाव. व्हार्निश सुकवायला दादानं आत मोठे दिवे सोडले. दुसऱ्या दिवशी दोनच्या सुमाराला मोटार पंपावर बसली, बटण दाबलं आणि मोटार घुमली. लोकांनी आरोळी ठोकली. पण पाणी कुठंय? पाइपातून नुसती गुळणी टाकल्यासारखी धार आली. एक मिनिट, दोन मिनिटं. ठेकेदार म्हणाला, "मी सांगितलं होतं."

वहिनी वाकली, फिरत्या दांड्याकडे बघितलं आणि चक्क हसली. "उलटी फिरतेय बया. बंद करा." तिनं मोटारीवरची जोडणीची डबी उघडली, दोन तारांची अदलाबदल केली आणि झाकण लावलं. पुन्हा बटण. पाइप असा हादरला की तो धरून उभा असलेला माणूस मागे सरकला. धो धो पाणी! टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज खालपर्यंत आला. आई, जिनं कपाळाला हात लावला होता, ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली, "आमची सून आहे ती."

हे सांगताना नणंद उभीच राहिली होती, हातानं बटण दाबून दाखवत. मग ती बसली आणि उरलेलं हळू आवाजात सांगितलं.

दोन वर्षांनी एका सकाळी दहा वाजता वहिनी कालव्यापलीकडच्या बागेत पंपाचा स्टार्टर बघायला गेली. दुपार झाली तरी आली नाही म्हणून नणंद शोधत निघाली. आधी पायवाटेवर हत्यारांची पिशवी दिसली, चेन लावलेली. मग वहिनी. पोलिसांनी दादाला दोन दिवस बसवून ठेवलं, ठेकेदाराला तीनदा बोलावलं, बागेच्या मालकालाही विचारलं. कुणावर काही ठरलं नाही. दादा अजूनही कालव्याकडे जात नाही.

"तेव्हापासून मॅडम, लोक विचारतात ते एकच. कुणी मारलं असेल? ती जगली कशी, हे कुणाला नको असतं. शेड मी चालवते आता, तिचं नाव सांगितलं की म्हणतात, हां, ती खून झालेली."

मॅडमनी फाइलमधलं एक पान उघडलं. "खोटी आशा दाखवत नाही," त्या म्हणाल्या. "पण बागेत त्या दिवशी दोन गडी कामावर होते असं मालकानं सांगितलंय. जबाब एकाचाच आहे. दुसऱ्याचा माग काढते. आणि तुम्ही आत्ता सांगितलंत ते सगळं जबाब म्हणून घेते. खाचा किती म्हणालात?"

"छत्तीस."

तीन पानं भरली. नणंदेनं प्रत्येक पान वाचून सही केली, दारापर्यंत गेली आणि तिथूनच मागे वळली.

"मॅडम, एक राहिलंच. ती काम करताना मोटारींशी बोलायची. का गं रुसलीस, म्हणायची. हे बसेल का त्यात?"

मॅडमनी चौथा कागद ओढला आणि तिला खुर्ची दाखवली.