नोलारीचा झिरा

"वैनी, शेवटचं इचारतो. येताय का न्हाई?"

"माझ्या शेळ्यांना इचार. त्या व्हय म्हनल्या तर मी बी येते."

"शेळ्या कसल्या, हाडं हायती नुसती."

"म्हनूनच तर! डोंगर चढताना वाटंत एकेक पडंल. हितं झिऱ्याला पानी हाय. पाऊस येस्तवर निभंल."

तिच्या दिरानं, लमाकियानं, गाढवावरच्या कातड्यांची दोरी आवळली. "आन् त्यो म्हातारा हत्ती? रोज सकाळी झिरा तुडवून जातोय त्यो."

"त्याचं मी बघते."

"बघा बघा. मागं बी एका बाईनं असंच हत्तीला बघून घेतलं हुतं."

गाढवं लादता लादता बायका हसल्या. केनियाच्या माळावर गुरं राखणाऱ्या संबुरूंच्या शेंबड्या पोरालाही ती गोष्ट ठाऊक. एके काळी हत्ती म्हणे बायकांच्या घरी राबायचा, रानातून सरपण आणायचा. एका मालकिणीनं नाक मुरडलं, 'अख्खी झाडं काय आणतोस, चुलीचं तोंड केवढं, तुला अक्कल केवढी!' हत्तीला ते लागलं. रानात गेला तो परत फिरला नाही. म्हणून संबुरू हत्तीला जनावर कमी आणि रुसून गेलेला घरचा माणूस जास्त धरतात.

दुपारपर्यंत वस्ती चाऱ्यासाठी डोंगराकडं हलली. नोलारी काट्यांच्या कुंपणाशी उभी राहून धुरळा बघत राहिली. नवरा कधीच गेलेला, पोटी पोर नाही. 'वैनी' म्हणून हाक मारणारा एक दीर होता, तो त्या धुरळ्यात. धुरळा बसला तशी ती आत वळली आणि शेळ्यांवर खेकसली. खेकसायला दुसरं कोण होतं?

झिरा कोरड्या नदीच्या पात्रात, वाळूत खणलेला. संध्याकाळी ती त्याच्या तोंडावर काट्या रचायची. सकाळी हत्ती यायचा, काट्या सोंडेनं बाजूला सारायचा, पाणी ओढायचा आणि जाताना कडा ढासळवून जायचा. मग ऊन डोक्यावर येईस्तोवर ती वाळू उपसत बसायची आणि डोणीपाशी शेळ्या कोकलायच्या. धडधाकट हत्ती पुढच्या पायानं वाळू उकरून आपला झिरा आपण पाडतो. हा आयतोबा! कानशिलं खोल गेलेली, एक सुळा मोडका. त्याच्या लेंड्यांत काटक्या जशाच्या तशा निघायच्या. नोलारी त्या वाळवून चुलीत घालायची.

"चावतोस तरी का रं मुडद्या, का नुसतं गिळतोस?" ती काठावरून ओरडायची. तिच्याही दाढा गेलेल्या. मक्याचा गोळा दुधात कालवल्याबिगर तिच्या घशाखाली उतरत नव्हता.

एका संध्याकाळी तिचं डोकं फिरलं. तहानलेल्याला झिऱ्यावरून परतवायचं नाही, हा संबुरूंचा नेम. वैऱ्याचं ढोर आलं तरी आधी पाजायचं, मग भांडायचं. नोलारीनं काठावरचे धोंडे लोटत आणले आणि झिऱ्याचं तोंड बुजवलं.

सकाळी हत्तीनं धोंड्यांना पाय लावला. धोंडे बाजूला सरकले नाहीत, कडेसकट आत गेले. झिरा गडप झाला. एवढ्या खोल गेलेले धोंडे एकट्या बाईच्यानं निघणार नव्हते.

"आता मर!" ती किंचाळली. "तू बी मर, मी बी मरते, शेळ्या बी मरत्यात!"

हत्तीनं सोंडेनं वाळू हुंगली. मग चार पावलं वर सरकला आणि पायानं वाळू उकरू लागला. थोडं उकरायचा, दम खायचा, पुन्हा उकरायचा. आयतोबा नव्हता तो, थकलेला होता. पाणी लागलं, पोटभर प्याला, निघून गेला. नोलारी पाण्याचा भोपळा घेऊन त्याच्या झिऱ्यात उतरली.

पुढं तोच रिवाज पडला. आधी तो, मग ती. मैत्री वगैरे काही नाही. तो सोंड उंचावून तिचा वास घ्यायचा, तीही अंतर राखून बसायची. पण बोलायची. कुठली शेळी आटली, कुणी रात्रभर खोकून झोपू दिलं नाही, सगळं सांगायची. तो कान हलवायचा. डोंगराकडून कुणाची खबर येत नव्हती.

मग एके दिवशी तो आला नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. उन्हं चढल्यावर हत्तिणींचा कळप पिलांसह नदीत उतरला. पिलं पाण्याकडे ओढ घेत होती, पण माद्या आधी काठच्या वाळक्या लव्हाळ्याकडे वळल्या आणि गोल करून उभ्या राहिल्या. एकीनं सोंड खाली नेऊन सावकाश काहीतरी चाचपलं. नोलारी काय ते समजली.

कळप पाणी पिऊन गेल्यावर ती लव्हाळ्यात गेली. तो कुशीवर पडला होता.

माणूस असो की हत्ती, संबुरू मेलेल्यावर हिरवी डहाळी ठेवतात. अशा दुष्काळात हिरवं कुठलं? तिच्या कुंपणालगत पिलू नावाचं एक झुडूप तेवढं तग धरून होतं. त्याचाच पाला ती शेळ्यांना मूठमूठ पुरवत होती. तिनं चांगली भरली डहाळी मोडली. मोठी शेळी ओरडत मागं आली, तिला गुडघ्यानं ढकललं. वस्ती असती तर पन्नास हातांनी ठेवल्या असत्या. आता सगळ्यांची मिळून ही एकच.

डहाळी त्याच्या कपाळावर ठेवून ती म्हणाली, "सरपन लय मोठं आनतोस म्हनून कुनीतरी बोललं हुतं. मनावर घेऊ नगंस. आन् त्या धोंड्यांचं बी."

परत आली तेव्हा कळपाच्या पायांनी त्याचा झिरा निम्मा बुजला होता. शेळ्या डोणीभोवती गोळा झालेल्या. तिनं अंगावरचं कापड वर खोचलं, आत उतरली आणि दोन्ही हातांनी वाळू बाहेर फेकायला लागली.