विहिरीतल्या उशा

लग्न ठरताना सगळे म्हणाले, मुलगा अबोल आहे, बाकी सोन्यासारखा. मी म्हटलं, हात्तिच्या, दोघांपुरतं मी बोलेन. कोकणातून सोलापुरात आले तेव्हा बहात्तरचा दुष्काळ होता. हे कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे. शेजारच्या विणकरांच्या घरातल्या बायका जीव लावायच्या, पण त्यांचं सगळं तेलुगूत. दिवसभर माझ्याशी बोलायला कुणी म्हणून नाही. संध्याकाळी हे आले की 'हं' आणि 'वाढ' एवढ्यावर दिवस मिटायचा. रविवारी पिशवीत हातोडा टाकून पसार. माझं मागणं ते काय, यांनी घटकाभर माझ्याशी बोलावं. पण स्वभावच तसा, त्याला कोण काय करणार, असं म्हणून मी गप्प बसायचे.

एका रविवारी हट्टाने बरोबर निघाले. मोडनिंबजवळ एक शेतकरी आपली आटलेली विहीर आणखी खोल खणून घेत होता. सुरुंगाने फुटलेल्या काळ्या खडकात दगडी उशांची चळतच्या चळत दिसत होती. प्रत्येक उशी वरून फुगीर, आणि खालून दबून खालच्या दोघींच्या फटीत बसलेली. शेतकऱ्याने विचारलं, "मास्तर, ह्या हितं कुणी रचल्या म्हनायच्या?"

आणि हे जे बोलायला लागले, ते थांबेचनात. म्हणे इथे पूर्वी मोठं तळं होतं. तापलेला लाव्हारस पाण्यात शिरला की वरची साल तेवढी झटकन थिजते, आत तो कढतच असतो. मग साल फुटते, तिथून दुसरा गोळा बाहेर येतो, त्यातून तिसरा. त्या सालीची काळी काच त्यांनी खणणाऱ्या एकेकाच्या तळहातावर ठेवली. एक उशी फोडून मधून कडेपर्यंत गेलेल्या भेगा बोटाने दाखवल्या. एवढ्या उशा म्हणजे गाव लई झोपाळू असणार, अशी थट्टासुद्धा केली. विहिरीत हशा पिकला, आणि सगळ्यात मोठ्याने हेच हसत होते.

मी पायऱ्यांवर उभी राहून ऐकत होते. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता, पण रडू आवरेना. अहो, हा माणूस अबोल नव्हताच मुळी.

परतताना एसटीत आम्ही शेजारी शेजारी बसलो. हे खिडकीबाहेर बघत होते. धीर करून मी म्हटलं, "आज तुमचं बोलणं ऐकून फार बरं वाटलं."

"कुठलं बोलणं?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता डोळे मिटून घेतले. सोलापूर अजून बरंच लांब होतं.