व्हर्नाने खोडलेला फटका

सप्टेंबर लागला की आमच्या हॅलोवे गावाला दुसरा विषय सुचत नाही. सकाळी सहाला लोईसच्या हॉटेलात कॉफीचा पहिला घोट पोटात जायच्या आधीच सुरुवात होते: आपला बेसबॉल संघ प्लेऑफला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांना, जाणार का, आणि यंदाचा सर्वोत्तम खेळाडू कोण.

सगळ्यात मोठा आवाज ऑर्व्हिल ब्रुबेकरचा. जन्मभर शेतांवरचे पंप दुरुस्त केल्यामुळे असेल, पण त्याला हळू बोलताच येत नाही.

"ज्याच्यामुळे संघ प्लेऑफला जातो, तोच सर्वोत्तम!" तो टेबलावर हात आपटायचा. "तळाला पडलेल्या संघात बसून नुसते आकडे वाढवणाऱ्याला कसलं डोंबलाचं बक्षीस?"

"बाकीचे आठ जण ढ निघाले, यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?" मी म्हणायचो.

"तू आपला दुकानात जा आणि खिळे विक."

या गदारोळात एकच माणूस गप्प राहून अंडी खात असायचं, ते म्हणजे व्हर्ना स्टकी. एकतीस वर्षं तिने पोस्टात पत्रं लावली. एकटी राहायची. शेतावर लहानाची मोठी होताना रेडिओवर सामने ऐकून वडिलांबरोबर गुण टिपायला शिकली होती, आणि निवृत्त झाल्यावर आमच्या छोट्या मैदानाची अधिकृत गुणलेखक झाली. फलंदाज बेसवर पोचला तर तो त्याचा स्वतःचा फटका धरायचा की क्षेत्ररक्षकाची चूक, हे ठरवणं तिचं काम. फटका धरला तर सरासरी वाढते, चूक धरली तर घटते. म्हणून ती खेळाडूंशी बोलायची नाही, आमच्या वादात पडायची नाही.

त्या वर्षी डॅरियस पेटिग्रू नावाचा तेवीस वर्षांचा पोरगा आमच्याकडे खेळत होता. तो फलंदाजीला निघाला की आइस्क्रीमच्या रांगेतली माणसं रांग सोडून यायची. हंगामाचा शेवटचा रविवार उजाडला तेव्हा दोन गोष्टी लटकत होत्या. सामना जिंकला तर संघ प्लेऑफला, हरला तर घरी. आणि लीगमधल्या सर्वोत्तम फलंदाजाचा किताब. दुसऱ्या गावच्या एकाची सरासरी ३१७ वर, म्हणजे हजार संधींमागे ३१७ फटक्यांवर, थांबली होती. त्याचा हंगाम आदल्या दिवशीच संपला होता.

नऊपैकी आठव्या डावात बरोबरी. आमचा एक जण तिसऱ्या बेसवर, आणि डॅरियस फलंदाजीला. ही त्याची शेवटची संधी. फटका मिळाला तर ३१८, नाही मिळाला तर ३१६. त्याने चेंडू जमिनीलगत मारला. तिसऱ्या बेसवरचा क्षेत्ररक्षक वाकला, चेंडू निसटला, आमचा माणूस धावत शेवटच्या बेसवर पोचला, धाव झाली. सगळं मैदान उभं राहिलं. मग फलकावर अक्षरं उमटली: फटका. ऑर्व्हिलने मला मिठी मारली. आमच्या तीस वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदाच. सामना आम्ही त्याच एका धावेने जिंकलो. संध्याकाळी अग्निशमनाची गाडी भोंगा वाजवत गावभर फिरली आणि लोईसने ३१८ आकडा काढलेला केक कापला.

सोमवारी सकाळी व्हर्ना हॉटेलात आली, पण बसली नाही. कोट अंगात तसाच.

"फलकावर लागायच्या आधी माझ्या तोंडून ऐका," ती म्हणाली. "कालचा तो फटका मी खोडलाय. ती चूक होती. लीगच्या कचेरीत आत्ताच फोन केला."

लोईसने कॉफीची किटली खाली ठेवली.

"खोडलास म्हणजे?" ऑर्व्हिल उठला. "अगं, काल तूच दिलास ना?"

"दिला. निर्णय बदलायला चोवीस तास असतात. दर सामन्यानंतर मी चित्रण बघते, तसं आजही बघितलं. चेंडू सरळ क्षेत्ररक्षकाच्या हातमोज्यात आला होता. त्याने सांडला."

"सांडू दे ना! धाव तशीही मोजली जाणार. सामना आपणच जिंकलेला. कुणाचं काय बिघडत होतं?"

"त्या दुसऱ्या गावच्या पोराचं."

"तो कोण लागतो तुझा?"

"कुणी नाही," व्हर्ना म्हणाली. "काल मी चेंडू बघायच्या आधी तुमचा आरडाओरडा ऐकला, ऑर्व्हिल. हात आपोआप 'फटका' लिहून गेला. माझं चुकलं ते काल, आज नाही."

ती निघून गेली. कुणी तिला थांब म्हटलं नाही. मीही नाही.

दुपारी सरावाला जाण्याआधी डॅरियस तिच्या घरी गेला. हे मला तिने कितीतरी दिवसांनी सांगितलं. दारात उभा राहूनच तो म्हणाला, "बाई, मला ते दाखवाल का?" तिने त्याला आत घेतलं, चित्रण लावलं. त्याने तीनदा बघितलं.

"पळताना मला कळलं होतं," तो म्हणाला. "मागे वळून त्या क्षेत्ररक्षकाचा चेहरा बघितला नाही मी. फलकाकडे बघितलं."

"वाईट वाटतंय?"

"खूप. आईला रात्रीच फोन केला होता. आता परत करावा लागेल." दाराशी जाऊन तो थांबला. "तुम्ही बरोबर केलंत असं म्हणायला आलो होतो. पण आज नाही जमणार म्हणायला."

"नको म्हणूस," व्हर्ना म्हणाली.

प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत आम्ही हरलो. डॅरियस पुढच्या उन्हाळ्यात वरच्या श्रेणीत गेला, दोन वर्षं टिकला, मग खांदा दुखावला. आता तो त्याच्या गावच्या शाळेत मुलांना शिकवतो. किताब नसल्याने त्याचं अडलं असं मला वाटत नाही, पण ऑर्व्हिल आजही अडलंच म्हणतो.

गावाने व्हर्नाला शिव्या दिल्या नाहीत. लोक फक्त रस्त्यात तिला बघून दुसऱ्याशी बोलायला लागले. ती मात्र रोज सकाळी येऊन त्याच खुर्चीत बसायची. ऑर्व्हिल तिच्याशी बोलला तो थेट जानेवारीत. बर्फात तिची गाडी अडकली होती, ती त्याने ढकलून दिली आणि वर चार गोष्टी सुनावल्या. त्यानंतर सहा हंगाम तिने गुण लिहिले. डोळे मंदावले तेव्हा स्वतःच सांगून थांबली.

तिच्या जागी मी असतो तर? हा प्रश्न मी स्वतःला बरेचदा विचारलाय. चित्रण मीही बघितलं असतं. आणि मग कुणालाही न सांगता दुकान उघडायला गेलो असतो.