न बोलावता आलेला गणपती

त्या वर्षी मी देवाला स्पष्ट सांगून टाकलं होतं की तू येऊ नकोस. हे वाचून कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे. मी चौथी पास माणूस, साकीनाक्याच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर जन्म काढला, मला गोड बोलता येत नाही. आमच्या मंडळाची मुलं म्हणाली, तात्या, तुमचा अनुभव लिहा, तुमच्याच भाषेत लिहा. म्हणून लिहितो. भाषा माझीच आहे, मग त्यात रागही येणार.

राग कशाचा, ते आधी सांगतो. माझ्या बायकोने आयुष्यभर गणपतीचं केलं. मुलगा झाला तेव्हापासून आमच्या घरी गणपती. आधी घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीत, मग चाळ पाडून ही बिल्डिंग झाली तेव्हा सहाव्या मजल्यावर. संकष्टी तिने कधी चुकवली नाही, चंद्र ढगात असला तर उपाशी झोपायची. तिच्या हातच्या मोदकाच्या कळ्या बघायला चाळीतल्या पोरी यायच्या. आणि तिलाच लकवा झाला. उजवी बाजू गेली. ज्या हाताने मोदक वळले तोच हात देवाने घेतला. वाचाही गेली, तोंडातून नुसता घशातला आवाज. मी देव्हाऱ्यासमोर उभा राहून बोललो, हा तुझा न्याय काय रे? दुसरा कोण सापडला नाही तुला? मग मी देव्हाऱ्याचं दार लावून घेतलं, ते उघडलंच नाही.

पेन्शन माझी अशी, की सांगितली तर हसाल. त्यात औषधं, डायपर, दूध, लाइटबिल. मुलगा बदलापूरला असतो. तो फोनवर म्हणायचा, "बाबा, एक बाई ठेवा आईला बघायला, पैसे मी देतो ना." मी म्हणायचो, तुझं होमलोन भर आधी. व्यायाम करून घ्यायला एक मुलगा यायचा, त्याला मी बंद केला. त्याने केलं तेच मीही करू शकतो, हात वर, हात खाली, त्यात काय? शेजारच्या परब वहिनी, मालवणकडच्या, एकदा दारात येऊन म्हणाल्या, "तात्यानू, एकट्याक झेपाचा नाय हां. मी दुपारची येत जाऊ?" मी म्हटलं, माझ्या बायकोचं करायला मी मेलो नाही अजून. आणि दार लावलं. चाळीत असतो तर दार लावताच आलं नसतं, तिथे दारं नुसती रात्री लागायची. बिल्डिंगमध्ये लॅच असतं. खटकन लागतं. मला तो आवाज आवडायला लागला होता.

चतुर्थीच्या आधी मंडळाची मुलं विचारायला आली, "तात्या, या वर्षी पाट दिला नाही का मूर्तीच्या कारखान्यात?" आमच्यात मूर्तीसाठी आपला पाट आधी नेऊन द्यावा लागतो, त्या पाटावर मूर्ती बसवून देतात. मी म्हटलं, नाही दिला. गावी भाऊ करतो तेवढा पुरे. आणि माझ्या दारात आरतीला कुणी यायचं नाही. मुलं गेली. बायको आतून ऐकत होती. तिने तोंड भिंतीकडे वळवलं. मला ते दिसलं, पण मी दाखवलं नाही की मला दिसलं.

चतुर्थीच्या सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उंबऱ्याबाहेर केळीच्या पानावर गणपती. वीतभर, शाडूचा, तोंडावर लाल रुमाल टाकलेला. बाजूला एक नारळ. पानाचा कोपरा उडू नये म्हणून त्यावर सुपारी ठेवलेली. आमच्या कोकणात ही खोड जुनी आहे. ज्याच्याकडे गणपती नाही, त्याच्या दारात कुणी तरी गुपचूप मूर्ती ठेवून जातं. मग त्या घराला तो बसवावाच लागतो, परत करता येत नाही. नवीन लग्न झालेल्याची गंमत करायला, नाहीतर मूल होत नाही त्यांच्यासाठी ठेवतात. मी काय नवरदेव होतो?

मी पॅसेजमध्ये उभा राहून ओरडलो, "कोण रे तो शहाणा? समोर ये! म्हाताऱ्याची मस्करी करतो?" दारं उघडली. चौथ्या मजल्यावरचा सावंत, ज्याला प्रत्येक गोष्टीत विनोद सुचतो, तो बनियनवर जिना चढून आला. "तात्या, आईशप्पथ मी नाही. मी ठेवला असता तर लालबागएवढा मोठा ठेवला असता, तुम्हाला दारातून बाहेर पडता आलं नसतं." लोक हसले. मी मंडळाच्या मुलांवर घसरलो, चोर म्हटलं, मवाली म्हटलं. मूर्ती उचलून खाली मंडपात नेऊन ठेवतो म्हटलं. तेव्हा परब वहिनी पुढे आल्या. ज्यांच्या तोंडावर मी दार लावलं होतं त्याच. "तात्यानू, देव दारात इलो आणि तेका भायर ठेवतलास? दुसऱ्याच्या गळ्यात घालतलास? घेवा आत गपचूप."

घेतला आत. रागाने घेतला, पण घेतला. बायकोच्या आजीपासूनचा एक चौरंग होता, तो कपाटावरून काढला, धूळ पुसली आणि त्यावर मूर्ती ठेवली. रुमाल काढताना मी देवाला म्हटलं, न बोलावता आलास, आता घरात असेल ते खा. वरण-भात मिळेल. मोदक मागायचे नाहीत, ज्या हाताने ते व्हायचे तो तू नेलास. चतुर्थीला जास्वंदीच्या फुलाला सोन्याचा भाव येतो, तेव्हा फुलंही मिळणार नाहीत, दुर्वा बिल्डिंगच्या मागे उगवतात त्या आणीन. असं भांडत भांडतच मी पूजा केली. बायकोची खाट पडद्याआड होती. पडदा बाजूला करून तिला म्हटलं, बघ, आला तुझा. तिने डोळे थोडे उघडले आणि मिटले. मला वाटलं रुसलीय अजून.

आता एक गोष्ट इथेच सांगायला पाहिजे. त्याआधी दोन-तीन दिवस ती कण्हायची थांबली होती. पाठीला खाली एक चट्टा पडला होता, मी त्याला घामोळं समजून पावडर लावायचो, हळद लावायचो. आधी त्याला हात लावला की ती कळवळायची. मग कळवळायची थांबली, झोपून राहायला लागली. मला वाटलं बरं वाटतंय. मी माझ्यावर खूश होतो, की बघा, बाई न ठेवता मी केलं.

घरात गणपती बसला म्हणजे आरतीला येणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. हा नियम माझ्या रागापेक्षा मोठा आहे. दुपारी आरतीला लोक आले, सकाळी शिव्या खाल्लेली मुलंसुद्धा टाळ घेऊन आली. कुणी फुलं आणली, कुणी पेढे. मी कोपऱ्यात तोंड फुगवून उभा. परब वहिनींच्या सुनेची बहीण सांगलीहून चार दिवसांसाठी आली होती, तीही आली. तिकडे कुठल्या दवाखान्यात नर्स आहे. मी तिला आयुष्यात पाहिलं नव्हतं. आरती संपली, मंत्रपुष्पांजली झाली, लोक प्रसाद घेत होते. ती मुलगी नाक वर करून इकडे तिकडे बघत होती. मला म्हणाली, "काका, घरात वास कसला येतोय?"

पाहुणी येते आणि माझ्या घराला वास येतो म्हणते! मी म्हटलं, "उदबत्तीचा. आम्ही गरीब माणसं, स्वस्त उदबत्ती लावतो. तुम्हाला सोसत नसेल तर दार उघडं आहे."

ती चिडली नाही. "हा उदबत्तीचा नाही," एवढंच बोलली आणि मला न विचारता पडद्याआड गेली. मी मागे ओरडत गेलो, अहो बाई, अहो बाई. तिने एका हाताने माझ्या बायकोला कुशीवर वळवलं, मला जे दोन हातांनी जमत नव्हतं ते. गाऊन वर केला, कापसाची पट्टी सोडवली. मी रोज बघत होतो तेच होतं. पण ती ज्या तोंडाने बघत होती ते तोंड मी पाहिलं, आणि मग मला ते पहिल्यांदा दिसलं. जखम काळी पडली होती, आत खोल गेली होती. त्या घरात मी रोज राहायचो, मला वास येत नव्हता. "बेडसोर आहे, आत पू झालाय," ती म्हणाली. "अंगाला हात लावा, बघा ताप किती आहे. ही झोपत नाहीये काका, ही शुद्धीत नाहीये. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल."

तुम्हाला वाटेल मी धावलो. नाही. मी म्हटलं, देव घरात बसलाय, घर रिकामं ठेवायचं नसतं, समई विझायला नको. उद्या विसर्जन झालं की नेतो. सकाळपर्यंत ज्याला घरात घ्यायला तयार नव्हतो त्याच्या नावावर मी अडून बसलो. माणूस हट्टाला पेटला की त्याला कुठलंही निमित्त चालतं. परब वहिनी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत, हात पुढे केला. "चावी देवा. देवाचा आमी बघतो. तुमी वयनीक बघा."

त्या घराची चावी मी कधी कुणाला दिली नव्हती. मुलालाही नाही. करगोट्याला बांधलेली असायची. मी ती सोडवायला गेलो तर गाठ सुटेना. शेवटी सावंतने खिशातून पेनचाकू काढून दोरा कापला. त्या वेळी त्याला विनोद सुचला नाही.

आमच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर काय, खुर्ची धरून दोघंही मावत नाहीत. त्याच मुलांनी, ज्यांना मी मवाली म्हटलं होतं, तिला खुर्चीत बसवून, चादरीने बांधून सहा मजले उतरवलं. पुढे जाणारा मागच्याला ओरडत होता, "हळू रे, आज्जीला लागेल." हॉस्पिटलात डॉक्टरने जखम पाहिली आणि सगळ्यांदेखत माझ्यावर खेकसला, इतके दिवस काय झोपा काढत होता? मी कुणाचं ऐकून घेणारा नाही. त्याचं ऐकून घेतलं. विष रक्तात जायला लागलं होतं म्हणाले. जखम कापून साफ केली. रात्र काढली तर काढली, असं डॉक्टरला नर्सशी बोलताना मी ऐकलं.

तिने रात्र काढली. दुसरीही काढली. मुलगा बदलापूरहून आला, आम्ही कॉरिडॉरमध्ये भांडलो, मग त्याने मला चहा आणून दिला आणि मी घेतला. मधल्या दिवशी, ऋषिपंचमीला, परब वहिनी डबा घेऊन आल्या, त्यात ऋषीची भाजी. तिच्या ओठांना त्यांनी भाजीचं पाणी लावलं. तिने जीभ फिरवली. हॉस्पिटलात आणल्यापासून तिने स्वतःहून केलेली ती पहिली हालचाल होती.

दीड दिवसात विसर्जन करायचं होतं, पण वहिनी म्हणाल्या गौरीबरोबर करूया. गौरी विसर्जनाच्या दिवशी मुलाला खाटेजवळ बसवून मी तासाभरासाठी घरी आलो. सहाव्या मजल्यावर लिफ्ट उघडली आणि मला माझं घर ओळखता येईना. दार सताड उघडं. आत माणसंच माणसं. पॅसेजमध्ये दोरीवर तिच्या चादरी धुऊन वाळत टाकलेल्या. मी आणीन म्हटलं होतं त्या दुर्वा कुणी तरी आणलेल्या, जास्वंदीची फुलं वाहिलेली, समई तेवत होती. पुढ्यात वरण-भाताचं ताट होतं. मी माझ्याच दारात उभा राहून चपला कुठे काढू म्हणून जागा शोधत होतो. तेव्हा मला रडू आलं. मी फार रडत नाही.

तलावावर मूर्ती माझ्या हातात होती. मी तिला विचारलं, कुणी आणलं रे तुला? खरं सांग. अर्थातच सांगितलं नाही. सावंतने पुन्हा शपथ घेतली, मुलांनी घेतली, मुलगा आधीच हॉस्पिटलात म्हणाला होता, मला तर गणपती बसलाय हेच माहीत नव्हतं. बाहेरचा दरवाजा रात्री बंद असतो, वॉचमनने कुणाला पाहिलं नाही. कुणी तरी माणसानेच ठेवला असेल, गणपती स्वतः जिने चढत नाही, एवढं मला कळतं. पण त्याच दिवशी, आमच्याच दारात, आणि ती सांगलीची मुलगी चारच दिवसांसाठी आलेली असताना? मी आता विचारत नाही. आधी शोधून काढून कानफटात देणार होतो. आता सापडला तर पाय धरावे लागतील, आणि माझे गुडघे दुखतात.

ती घरी आली. जखम भरत आलीय. उजवा हात आला नाही, तो राग माझा अजून आहे, देवालाही माहीत आहे. मी रोज त्याला दिवा लावतो आणि रोज ऐकवतोही. चावी परब वहिनींकडेच आहे. दुपारी त्या बेल न वाजवता आत येतात, मी पेपर वाचत असलो की म्हणतात, "सरका तात्यानू," आणि तिला कुशीवर वळवतात. मला अजून चिडायला होतं. पण मी सरकतो. इतक्या वर्षांत देवाने माझ्याकडून एवढंच मागितलं असावं, की जरा सरक. बाकीचं करायला त्याच्याकडे माणसं होतीच.

या वर्षी श्रावणात मी स्वतः पाट घेऊन मूर्तीच्या कारखान्यात गेलो. निघताना पाट तिच्यासमोर धरला. तिने डावा हात उचलला आणि त्यावरची धूळ पुसली. धूळ नव्हती तरी पुसली.